सगळ्यांची कडी चारवर

माझा उजवा खांदा ढिला आहे, हे तिशी उलटेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. कामठ्याजवळच्या आमच्या शेतात रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या त्याच खांद्यावरून वाहिल्या, तांदळाचे कट्टे उचलले, लग्न होऊन मुर्रीला आल्यावर पाण्याचे डबे गच्चीवर चढवले. तेव्हा त्याने कधी तक्रार केली नाही. सरकारने त्याला रायफल टेकवली आणि तो एकदम ढिला निघाला. सरकारी नोकरीत माणसाला स्वतःबद्दल किती नवीन माहिती मिळते, याचं मला नेहमीच आश्चर्य वाटत आलंय.

कोणतं दल, कोणतं मुख्यालय, ते विचारू नका. मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. एवढं सांगते की आमचं एक पथक आहे, ते सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात पायी फिरतं, आणि त्या पथकात मी एकटी बाई होते. ते चालणं मला मनापासून आवडायचं. पहाटे गाडीतून उतरायचं, पाठीवर पिशवी, छातीशी रायफल, आणि मोहाच्या झाडांतून पुढच्याच्या टाचा बघत चालत राहायचं. घरात मी सून असते, कचेरीत बाई असते. तिथे मी फक्त रांगेतली चौथी असायचे, आणि ते मला फार सुखाचं वाटायचं.

त्या पथकात जायचं किंवा राहायचं तर वर्षातून एकदा होणाऱ्या गोळीबाराच्या परीक्षेत पास व्हावं लागतं. नापास झालं की बारनिशी, म्हणजे आलेलं टपाल नोंदवायचं आणि गेलेलं टपाल नोंदवायचं. आमच्याकडे एखाद्या बाईचं काय करावं असा प्रश्न पडला की उत्तर बारनिशी हेच असतं. प्रश्न पडायची सुद्धा गरज नसते.

आता रायफलीबद्दल. आमच्याकडे असते ती अर्ध-स्वयंचलित. घोडा दाबायचं काम माणसाचं, त्यापुढचं तिचं. रिकामी पुंगळी बाहेर फेकणं, नवी गोळी नळीत चढवणं, सगळं ती आपली आपण करते. खात्यातली पुष्कळ माणसंही याच तत्त्वावर चालतात, कुणीतरी दाबल्याशिवाय हलत नाहीत. गोळी सुटली की तिच्यामागच्या वायूतला थोडासा नळीच्या एका भोकातून वर शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. त्या धक्क्यावर पुढचा सगळा कारभार. यातला किती वायू पिस्टनला द्यायचा आणि किती बाहेर सोडून द्यायचा, हे ठरवायला पुढे एक कडी असते. तिच्यावर आकडे कोरलेले असतात, आकडा जितका मोठा तितका जास्त वायू बाहेर. वायू जास्त बाहेर सोडला तर पिस्टन अर्ध्या वाटेतून परत फिरतो आणि पुंगळी मधेच अडकते. कमी सोडला तर रायफल नुकत्याच व्यालेल्या म्हशीसारखी लाथ मारते, आणि आतून स्वतःही झिजत जाते.

प्रत्येक रायफलीचा आकडा वेगळा. एखादीची नळी जुनी, एखादीचा पिस्टन झिजलेला, एखादी नवी कोरी. आमच्या शेतात दर बांधीच्या, म्हणजे धानाच्या तुकड्याच्या, धुऱ्याला पाणी काढायचं तोंड असतं, ते वरच्या बांधीचं वेगळं उघडतात, खालच्या बांधीचं वेगळं. सगळी तोंडं वीतभरच उघडा, असा हुकूम माझ्या बापाने कधी काढला नाही. पण माझा बाप अधिकारी नव्हता.

आणि ही कडीची गोष्ट काही गुपित नव्हती. प्रशिक्षणात उस्ताद ती सगळ्यांकडून हिंदीतून पाठ करून घेतो. सावधानमध्ये उभं राहायचं, मुठी पॅन्टच्या शिवणीला, नजर समोर, आणि एका दमात म्हणायचं: कडी पूरी खोलो, एक गोली भरो, फायर करो. पुढे बरंच आहे. आम्ही ते आरतीसारखं म्हणायचो, टाळ्या तेवढ्या नव्हत्या. सगळ्यांना येतं. साहेबांनाही येत असणार. ते प्रत्यक्ष करून बघायचं असतं, असं मात्र त्या पाठात कुठे म्हटलेलं नाही.

साहेब नवीन आले होते, पुण्याकडून. आले आणि पहिल्याच आठवड्यात हत्यारांची पाहणी ठेवली. आमचे कोत हवालदार, म्हणजे शस्त्रागार सांभाळणारे, आदल्या दिवसापासून कामाला लागले. भंडाऱ्याकडचे, निवृत्तीला टेकलेले, आवाज मोठा. मैदानात ताडपत्री अंथरली, दोरी धरून रायफलींची तोंडं एका रेषेत लावली. तेल इतकं चोपडलं होतं की उन्हात बघवत नव्हतं. साहेब हात मागे बांधून रांगेतून चालत आले, एका रायफलीशी थांबले, वाकले, मग शेजारच्या रायफलीवर वाकले.

“हे आकडे वेगवेगळे का आहेत?”

“जी सर!” हवालदार म्हणाले. प्रश्न कोणताही असला तरी त्यांचं उत्तर हेच असतं, आणि तीस वर्षांत ते कधी चुकलेलं नाही.

“हिचा दोन, हिचा पाच, हिचा सहा. ही काय लग्नाची वरात आहे का? सगळे एकसारखे हवेत. संध्याकाळपर्यंत.”

“कोणत्या आकड्यावर, सर?”

साहेबांनी क्षणभर विचार केला. हे मी स्वतः पाहिलंय, ते खरोखर विचार करत होते. मग मधला आकडा निवडावा तसे म्हणाले, “चार.”

मी तिसऱ्या रांगेत उभी होते. रांगेतल्या शिपायाला तोंड दिलेलं असतं ते हजर म्हणायला, त्यामुळे ते मी मिटून ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कड्या चारवर आल्या. हवालदारांनी वर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देऊन टाकला, म्हणजे कुणी फिरवली तर लगेच दिसावं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. दिसायला खरंच छान दिसत होतं.

मग परीक्षा आली. मी आडवी झाले, दट्ट्या, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता तुकडा, मागे ओढला, घोडा दाबला. पहिली गोळी गेली. दुसरी गेली नाही. बघते तर पुंगळी बाहेर पडायच्या फटीतच आडवी अडकलेली. ती काढली, पुन्हा ओढलं, एक गेली, पुन्हा अडकली. अशी अर्धी वेळ पुंगळ्या उकरण्यात गेली आणि शिटी वाजली. निशाणावर माझ्या नावाची भोकं इतकी कमी होती की कागद पुन्हा वापरता आला असता.

माझ्या डावीकडच्या जवानाची रायफलही अडकली होती. त्याचं निदान झालं की गोळ्या जुन्या आहेत, ओल धरली असेल. उजवीकडच्याचा खांदा काळानिळा झाला होता. त्याचं निदान, रायफलीत दम आहे. माझी पाळी आली तेव्हा उस्ताद कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

“खांदा ढिला हाय बाई तुमचा. रायफल घट्ट दाबून नाही धरत तुम्ही, म्हणून ते पुरी मांघं नाही येत.”

“उस्ताद, गॅसची कडी पाहता का एकदा?”

“कडी साऱ्यायची सारखीच हाय ना! मंग तुमचीच काऊन अडकन?”

डावीकडचा जवानही जवळच उभा राहून गंभीरपणे मान हलवत होता, त्याची पुंगळी अजून रायफलीतच होती. मग एक पुंगळी हिशेबात कमी पडली म्हणून आम्ही सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून गवत चाचपडलं. पुंगळी सापडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असा रिवाज आहे. माझ्या खांद्याची चर्चा गवतातही चालू राहिली.

नापास झालेल्यांना एक संधी आणखी मिळते. ती पुढच्या आठवड्यात होती, आणि ती गेली की बारनिशी नक्की. त्या आठवड्यात माझ्या खांद्यावर सगळ्या गोंदियाने लक्ष घातलं. उस्तादाने रोज सकाळी जोर काढायला लावले. सासूबाईंनी गावरान अंडी आणवली आणि वर म्हणाल्या, “कायले एवढा जीव काढून राहिली? बसून काम भेटते तं बस ना!” नवऱ्याने मलम आणलं. मला झोप लागेना. त्या पथकातून मला काढणार, ते माझ्यात काही कमी आहे म्हणून नाही, तर साहेबांना एकसारखे आकडे आवडतात म्हणून, या विचाराने माझं डोकं तापून जायचं. खरं सांगायचं तर मला रडूही यायचं, पण रडले असते तर त्याचंही निदान खांद्यातच निघालं असतं.

शेवटी मी कोतमध्ये गेले. हवालदार स्टुलावर बसले होते. काम काढायचं असलं की मी त्यांना काका म्हणते, एरवी हवालदार साहेब.

“काका, माझी रायफल साफ करायची आहे.”

“साफच हाय ते. मीच तेल मारला.”

मी रायफल उघडली. वायूच्या नळकांड्याचा प्लग, म्हणजे बूच, काढला, पिस्टन बाहेर ओढला. तो तेलात तळून काढल्यासारखा होता, आणि त्या तेलात जुना काळा धूर मिसळून चिकट लेप बसला होता. पिस्टन कोरडा ठेवायचा असतो, हेही पाठात आहे. बहुधा दुसऱ्या कडव्यात.

“पिस्टनला तेल नाही लावत, काका. काजळी धरते.”

“तेलानं खराब होते का कोनती वस्तू? माह्या बापानं बैलबंडीच्या आखाले तेल लावला, मी रायफलीले लावतो. बंद पडली का बंडी आजलोक?”

“बंडी गोळी नाही मारत ना काका.”

यावर ते थोडे नाराज झाले. मी चिंधीने पिस्टन पुसला, नळकांडं आतून पुसलं. चिंधी तव्याच्या बुडासारखी झाली. मग स्प्रिंगशिवाय पिस्टन आत घालून रायफल तिरपी केली, तो आपल्या वजनानं सरकन घसरला. उलटी केली, परत आला. प्लग नीट, योग्य बाजू वर ठेवून बसवला. अर्धी अडचण तिथेच संपली असं मला वाटलं, आणि फार बरं वाटलं. मग मी कडीला हात घातला.

“ओ बाई! त्याले नको लावूस हात. साहेबाचा आकडा हाय तो.”

“माझ्या रायफलीने साहेब फायर करणार आहेत का?”

“फायर कोनीबी करन. आकडा साहेबाचा.”

“काका, चारवर ही चालत नाही. तुम्हालाही माहीत आहे. पाहणीच्या आधी हिची कडी दोनवर होती, तुम्हीच ठेवली होती.”

त्यांना माहीत होतंच. त्यांनी खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी काढली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि प्लास्टिकवरून तो खर्रा घोटू लागले.

“रंग उखडला तं मले विचारतीन,” भिंतीला म्हणाले. “मी सांगीन, मले दिसला नाही. चष्मा घरी राहिला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी पांढरा ठिपका खरवडला.

कडी सरळ दोनवर फिरवून मोकळी झाले असते, पण आता पिस्टन साफ होता, म्हणजे जुना आकडा बरोबर असेलच असं नाही. माप गोळी झाडूनच काढावं लागतं, आणि गोळ्या काही कोतमधून पसाभर उचलून देत नाहीत. त्या मिळणार परीक्षेच्याच दिवशी. सुरुवातीला निशाण साधून घ्यायला थोड्या गोळ्या देतात, त्यांचे गुण नसतात. बाकी सगळे त्या गोळ्यांनी हात बसवतात. मी त्या कडीवर खर्च करायच्या ठरवल्या. हात बसला नाही तर नाही.

त्या दिवशी कडी पूर्ण उघडून आडवी झाले. मॅगझीनमध्ये एकच गोळी भरली, झाडली. मॅगझीन रिकामं झालं की दट्ट्या मागेच अडकून राहायला हवा, तो पुढे आला. म्हणजे धक्का कमी. कडी एक खाच बंद केली, पुन्हा एकच गोळी. पुन्हा पुढे.

“ओ बाई, एकेक काऊन भरून राहिल्या?” उस्ताद मागून ओरडला. “लग्नात अक्षता टाकून राहिल्या का?”

“निशाण साधून राहिली, उस्ताद.”

“निशाण तं तिकडं हाय! तुम्ही कडीकडं काऊन पाहून राहिल्या?”

मी आणखी एक खाच बंद केली. माझ्या गोळ्या कागदाला लागत होत्या की मागच्या मातीला, मला ठाऊक नव्हतं. शेवटी एकदा दट्ट्या मागे गेला आणि तिथेच थांबला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा थांबला. आता पाठात सांगितल्याप्रमाणे आणखी दोन खाचा बंद केल्या, म्हणजे धूळ-चिखलातही धक्का पुरावा. बोटाने चाचपून पाहिलं, कडी तीनवर होती. साहेबांच्या चारपासून एक खाच. एवढ्यावर माझं पथक अडलं होतं.

मग परीक्षेची शिटी झाली. रायफल चालली. एकामागून एक पुंगळ्या उजवीकडे गवतात पडत गेल्या, एकही अडकली नाही. हात बसवला नव्हता तरी हात बसलेलाच होता. निशाण आणलं तेव्हा मी ते दोनदा मोजायला लावलं. पास. मला इतका आनंद झाला की मी तिथेच मातीत बसून राहिले, आणि आपण दात काढून हसतोय हे मला फार उशिरा कळलं.

“पाहिलं?” उस्ताद सगळ्यांना सांगत होता. “मी जोर मारायले लावलो, खांदा आला जागेवर.”

साहेब तंबूत चहा घेत होते, ते बाहेर आले. मी रायफल तपासायला पुढे धरली. त्यांची नजर सरळ कडीवर गेली.

“हिचा ठिपका कुठे गेला? आणि हा तीन कसा?”

हवालदारांनी आभाळाकडे पाहिलं. मी ठरवलं की आता लपवून काही मिळणार नाही, आणि सगळं सांगितलं. वायू कुठून येतो, पिस्टन का कोरडा हवा, प्रत्येक रायफलीचा आकडा का वेगळा. आवाज थोडा चढला असेल. साहेबांनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलत गेला.

“म्हणजे प्रत्येक रायफल अशी एकेक गोळी झाडून लावावी लागेल?”

“हो सर.”

“मग हे सगळं करणार कोण?”

“बाईच, सर,” हवालदार चटकन म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जी सर सोडून दुसरं उत्तर दिलं असेल. “हिले सारा येते. मी तं आता जाऊनच राहिलो घरी.”

“उत्तम,” साहेब म्हणाले. “आजपासून तुम्ही कोतमध्ये. सगळ्या कड्या तुमच्याकडे. माझा शब्द मी मागे घेतो, आकडे तुम्ही ठरवाल तसे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं साहेबांना नीट कळलेलं नाही.

“सर, मला पथकात राहायचंय. मी पास झाले आहे.”

“म्हणून तर!” साहेब प्रेमाने म्हणाले. “इतकं हुशार माणूस जंगलात पायपीट करायला पाठवणं म्हणजे वाया घालवणं. आणि तुम्हालाही घरच्या दृष्टीने सोयीचं.”

घरच्या दृष्टीने ते इतकं सोयीचं होतं की सासूबाईंनी शेजारी पेढे वाटले. डोक्यावर छप्पर, पंखा, वेळेवर घरी. आईचा फोन आला, तीही खूश. ज्याला त्याला सांगत होते मी की मला हे नको होतं, आणि जो तो म्हणत होता, बाई किती साधी आहे. नापास झाले असते तर मी भांडले असते, अर्ज केले असते, कडीचा पुरावा घेऊन साहेबांपुढे उभी राहिले असते. शाबासकीविरुद्ध अर्ज कोणाकडे करायचा असतो, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

पुढे सगळ्या कड्या मी लावल्या. चांगल्या लावल्या. पथकाची पहिली फेरी निघाली त्या पहाटे मी कोतच्या खिडकीतून एकेक रायफल बाहेर देत होते. माझी रायफल माझ्या जागी घेतलेल्या जवानाला मिळाली. परीक्षेत माझ्या डावीकडे होता तोच, गोळ्या जुन्या ठरल्या म्हणून त्याला नापास धरलंच नव्हतं. रांगेतला चौथा आता तो.

“बाई, हिचा गॅस बरोबर हाय ना?” त्याने विचारलं. “तुमच्यावर भरोसा हाय.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “कडीला हात लावू नको.”

त्याने ती छातीशी धरली आणि गाडीत चढला. गाडी देवरीच्या रस्त्याला लागली. तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी खिडकीत उभी राहिले. रायफल नीट चालायला लागली म्हणून तिला जंगलात नेत होते. मला तिचा इतका हेवा वाटला की मी खिडकीचं दार आपटून लावलं.